पहिलीच्या आधीचे वर्ष घरी : मुलांच्या हाताला कोणती कामे द्यावीत? (बडोदे)

मांजलपूरची आई

गुजरातमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून १ जूनला सहा वर्षे पूर्ण झालेली असल्याशिवाय मुलाला पहिलीत प्रवेश मिळत नाही. आमच्या मुलीचा जन्म पावसाळ्यातला असल्यामुळे तिच्या वाट्याला पहिलीआधी जवळजवळ एक वर्ष जादा आले. ते वर्ष तिने घरीच काढावे असे आम्ही ठरवले. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटाला लागू आहे, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. सासूबाई घरी असतात आणि माझे काम अर्ध्या वेळेचे आहे, त्यामुळे सोबतीचीही नव्हती. प्रश्न होता तो दिवसभर तिच्या हाताला काय द्यायचे याचा.

या विषयावर सुचवण्या पुष्कळ मिळतात, पण त्यांतल्या बहुतेक चकचकीत कागद, चमकी आणि गोंदाच्या नळीभोवती फिरतात. दुपारभर खपून एक फुलपाखरू तयार होते, दोन दिवस फ्रिजवर चिकटून राहते आणि नंतर केरात जाते. मुलीला तेवढ्यापुरती मजा वाटते, मात्र आपण केलेल्या वस्तूची कोणाला गरज होती असे तिला कधीच दिसत नाही. म्हणून आमच्या घरी मी एक कसोटी लावली आहे : मुलाने जे करायचे ते घरात वापरले गेले पाहिजे. या कसोटीवर टिकणारी कामे इथे एकत्र व्हावीत, अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात खळीपासून करते, कारण पुढची निम्मी कामे तिच्यावरच चालतात. एक मोठा चमचा मैदा थोड्या गार पाण्यात कालवायचा आणि गुठळ्या बोटांनी मोडायच्या. हे काम मुलीचे, आणि ते तिला अतिशय आवडते. मग मी त्यात वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळते. पांढरे पाणी हळूहळू दाट होते, कडेने बुडबुडे येतात आणि रंग दुधाळ राहण्याऐवजी किंचित पारदर्शक होऊ लागतो, त्या वेळी गॅस बंद करायचा. चिमूटभर तुरटीची पूड घातली की खळ लवकर आंबत नाही. फ्रिजमध्ये ती दोन-तीन दिवस चांगली राहते. पूर्वी खळीत मोरचूद घालत असत. तो विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातात, तेव्हा तो पूर्णपणे वर्ज्य.

या खळीने ती जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवते. खंडेराव मार्केटमधून आणलेला लसूण, आले, मिरच्या त्यांत भरून ठेवल्या जातात. पिशवीचा तळ सुटला तर लसूण ओट्यावर सांडतो, आणि घडी कुठे नीट बसली नव्हती हे कोणी न सांगता तिला कळते. माझ्या शिकवण्यापेक्षा त्या सांडलेल्या लसणाने तिला जास्त शिकवले आहे.

दांडिया बाजार, निवृत्त बालवाडी शिक्षिका

तुमची कसोटी मला मनापासून पटली, आणि तिला मोठी परंपराही आहे. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने जे काम केले, त्याचा गाभा हाच होता की, मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने गरीब वस्तीत आणता येत नसतील, तर खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने करावीत. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हा विचारही तिथलाच. आपल्या बडोद्याचे म्हणाल, तर सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. मुलांच्या शिक्षणाबद्दल इतक्या आधी इतका गंभीर विचार झालेल्या शहरात आपण राहतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तरीही एका बाबतीत मी तुमच्याशी थोडी असहमत आहे. पाच वर्षांच्या मुलीला वापराची वस्तू करण्यात गोडी वाटते, पण तीन वर्षांच्या मुलाला नुसते मळणे, ओतणे, भरणे आणि रिकामे करणे यांतच सगळा आनंद असतो. या भांड्यातले मूग त्या भांड्यात आणि परत पहिल्या भांड्यात, असे तो अर्धा तास करत बसतो. त्यातून काहीच तयार होत नाही, मात्र त्याचे मनगट आणि त्याची नजर तयार होत असते. अशा वेळी 'याचे काय करणार?' असे मोठ्यांनी विचारले, तर खेळ मोडतो. म्हणून वापराची कसोटी चार वर्षांनंतर लावावी, त्याआधी नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक सांगते. काम मोठ्यांनी पुरे करून देऊ नये. किती बालवाड्यांत मुलांच्या नावाने आयांनी केलेली चित्रे भिंतीवर लागलेली असतात! वाकडी कापलेली पिशवी वाकडीच राहू द्यावी.

मांजलपूरची आई

ताई, तीन वर्षांच्या मुलाबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य आहे. आमची मुलगी पाचाची असल्यामुळे मी त्याच वयापुरते लिहिले होते. या चर्चेचे शीर्षक व्यापक आहे, तेव्हा लहानांसाठीही जरूर लिहावे.

कारेलीबागेतला बाबा

मला एक अडचण मांडायची आहे. आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. घरी मराठी बोलतो, खाली खेळायला गेला की गुजराती, आणि पुढे इंग्रजी माध्यमात जाणार आहे. मी छापील सरावपत्रके आणली आणि रोज सकाळी तासभर त्याला बसवायला लागलो, पण तो आता पेन्सिल दिसली की पळतो. अक्षर-ओळख कोणत्या लिपीपासून करावी आणि पेन्सिल न धरता ती करता येईल का? शिवाय तुम्ही सगळे वेळापत्रक कसे आखता?

दांडिया बाजार, निवृत्त बालवाडी शिक्षिका

सरावपत्रके सध्या कपाटात ठेवून द्या. साडेचार वर्षांच्या मुलाच्या बोटांत लेखणी पेलण्याइतके बळ अजून यायचे असते, आणि ते बळ लिहून येत नाही. ते कणीक मळून, मटार सोलून, चिमटीने राई वेचून, ओला फडका पिळून येते.

अक्षरांसाठी आपली जुनी धूळपाटी काढा. पसरट ताटात किंवा परातीत रव्याचा पातळ थर द्यावा आणि मुलाने त्यात बोटाने गिरवावे. चुकले तर ताट हलवले की पाटी कोरी होते, खोडरबराचे भय नाही. धूळपाटीला रांगोळी वापरतात, पण तिची बारीक धूळ नाकातोंडात जाते, म्हणून लहानांसाठी रवाच बरा. त्याच्या जोडीला काचकागदाची, म्हणजे पॉलिश पेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवावीत. खरखरीत अक्षरावरून दोन बोटे फिरवताना मुलाने त्याचा उच्चार करायचा, म्हणजे डोळा, कान आणि बोट एकाच वेळी कामाला लागतात. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने जाण्याची गरज नाही. वळणाने जवळची अक्षरे एकत्र घ्यावीत : ग, म, न, भ एका वेळी, मग त, ल, मग व, ब, क, मग ट, ठ, ढ, द. एका गटात हात बसला की पुढचे अक्षर आपोआप हलके होते.

लिपीचे म्हणाल, तर मूल जी भाषा घरात बोलते तिची लिपी आधी. ज्या शब्दाचा अर्थ पोटात आहे, त्याचेच अक्षर डोक्यात राहते. आणि बडोद्यातल्या मुलाला इथे एक फायदा मिळतो. गुजरातीत शिरोरेघ नसते, पण ग, म, न, प, व यांसारखी अक्षरे देवनागरीशी मिळतीजुळती आहेत. मूल अक्षर काढताना शिरोरेघ शेवटी देते, तेव्हा रेघ देण्याआधीचे अक्षर दुकानाच्या पाटीवर दिसले की ते ओळखते. रावपुऱ्यातून चालताना पाट्यांवरचे 'न' आणि 'म' शोधायला लावले, तर निम्मा रस्ता त्यातच सरतो. क, ज, ख यांसारखी अक्षरे वेगळी आहेत, ती त्याला मागाहून येतील. त्याची घाई नको.

वेळापत्रक कडक नसावे, पण दिवसाला क्रम असावा. सकाळी घरकामातला वाटा, मग बाहेर, जेवणानंतर गोष्ट, झोप, आणि संध्याकाळी हाताचे काम. घड्याळाचे तास लावू नयेत.

पतंगप्रेमी, वाडी

उत्तरायणाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, याचे आश्चर्य वाटले. १४ जानेवारीचे उत्तरायण आणि १५ चे वासी उत्तरायण संपले की आपल्या गच्च्यांवर, झाडांवर, तारांवर फाटके पतंग लोंबत असतात. मी गच्चीवर आणि अंगणात पडलेले तेवढे गोळा करतो. तारांवरच्या पतंगांना हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. मांजा मोठ्या माणसाने आधी पूर्ण काढून टाकावा, कारण काच लावलेली दोरी मुलाचे बोट सहज कापते. पक्ष्यांच्या पायांतही ती अडकते, म्हणून गोळा केलेल्या दोरीचा गुंता करून तो पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा.

मग उरतो तो सुरेख पातळ रंगीत कागद, मधली सरळ काडी, म्हणजे ढढ्ढा, आणि वाकवलेली काडी, म्हणजे कमान. या तीन गोष्टींतून मुलांची कितीतरी कामे होतात. कागद आम्ही वहीच्या पानांमध्ये दाबून ठेवतो आणि दिवाळीत त्याचाच आकाशकंदील करतो. बांबूच्या काड्यांचे सांगाडे मी बांधतो, कागद मुले चिकटवतात. पातळ कागदाला खळ जास्त लागली की तो विरघळतो, म्हणून खळ कागदाला न लावता काडीला लावायची, हे मुले एकदाच सांगितले तरी लक्षात ठेवतात. दोन रंगांचे कागद एकमेकांवर आले की आतल्या दिव्याने तिसरा रंग दिसतो. पिवळ्यावर निळा ठेवला की हिरवा. हे शिकवण्यासाठी वेगळा धडा लागत नाही.

भूमितीही इथेच होते. चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की त्रिकोण होतो, आणि त्या घडीवर ढढ्ढा बसतो. समान बाजू, कर्ण हे शब्द मुलांना पुढे शाळेत भेटतील, पण ढढ्ढा बरोबर मधोमध नसेल तर पतंग एका बाजूला गोता खातो, हे त्यांना आधीच माहीत असते.

गोकर्णवेल

स्वयंपाकघरातल्या रंगांबद्दल लिहिते, कारण माझ्या नातवंडांचा हा सर्वांत आवडता उद्योग आहे. हळद पाण्यात कालवून साध्या कोऱ्या कागदावर ब्रशने फासायची आणि कागद सावलीत वाळवायचा. मग कापसाची काडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवून त्यावर चित्र काढायचे. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते, आणि मुले पहिल्यांदा पाहतात तेव्हा दोनदा डोळे चोळतात. नंतर त्याच रेघेवर लिंबाचा रस लावला की ती पुन्हा पिवळी. हळदीतला रंग क्षारात तांबडा होतो आणि आम्लात पिवळा राहतो, एवढेच कारण. पारंपरिक कुंकूही हळदीवर क्षाराचा प्रयोग करूनच होते, हे त्यांच्या आजीने, म्हणजे मी, त्यांना त्याच वेळी सांगितले. तेव्हापासून देवघरातल्या करंड्याकडे ती वेगळ्याच आदराने पाहतात.

गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते. लिंबाचा थेंब टाकला की जांभळट गुलाबी, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. दोन्ही प्रयोगांत विड्याचा चुना वापरावासा वाटतो, कारण तो जास्त चांगला रंग देतो. पण तो मुलांच्या हाती कधीही देऊ नये. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. साबण आणि सोडा यांवर सगळे भागते.

वापराच्या कसोटीवर हे बसते का, असे कोणी विचारील. आमच्याकडे या हळदीच्या कागदांची पाकिटे होतात आणि संक्रांतीला त्यांत तिळगूळ घालून शेजारी दिला जातो. सोड्या-साबणाने काढलेले चित्र बाहेरच्या बाजूला असते. तिळगूळ आतल्या साध्या कागदात बांधलेला असतो, हे वेगळे सांगायला नको.

दांडिया बाजार, निवृत्त बालवाडी शिक्षिका

बियांबद्दल एक महत्त्वाची सूचना देणे भाग आहे. आपल्या लहानपणी आपण गुंजा आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खेळायला घेत होतो. दोन्ही विषारी आहेत, आणि एरंडाचे बीही तसेच. त्यांच्या माळा, त्यांची मोजणी काहीही करू नये. चिंचोके घ्यावेत. तेही तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नकोत, कारण कोणतीही लहान टणक वस्तू घशात अडकू शकते.

मोठ्या मुलांना मात्र चिंचोके म्हणजे सबंध गणित आहे. मुठीत घेऊन 'एकी की बेकी' खेळताना मूल दोन-दोनच्या जोड्या लावते आणि उरलेला एक ओळखते. चिंचोका खरबरीत फरशीवर घासला की एका बाजूने पांढरा होतो. असे चार फासे झाले की चल्लस आठ खेळता येतो. पांढऱ्या बाजू वर येतील तेवढी घरे जायचे, आणि चारही काळ्या आल्या तर आठ. पंचवीस घरांचा पट खडूने जमिनीवर काढायचा. घासण्याचे काम मुलाने स्वतः केले असेल तर तो फासा हरवू देत नाही.

मांजलपूरची आई

किल्ल्याबद्दल मी लिहायला हवे, कारण बडोद्यातल्या मराठी घरांत तो अजून टिकून आहे. माती कुंभाराकडून किंवा गणपतीच्या मूर्तिकाराकडून आणावी. विश्वामित्रीच्या काठावर मुलांना घेऊन माती आणायला मुळीच जाऊ नये, तिथे मगरी आहेत. किल्ल्यावर हळीव पेरावा. तो ओल्या मातीवर नुसता भुरभुरला तरी दोन-तीन दिवसांत कोंब धरतो. मोहरीला थोडे अधिक दिवस लागतात आणि गव्हाला त्याहून. मुलीने तिन्ही वेगवेगळ्या उतारांवर पेरले आणि रोज सकाळी बोटाने उंची मोजली. कोणता हिरवा पट्टा आधी दिसला, हे तिने आजोबांना फोनवर सविस्तर सांगितले.

मिठाच्या कणकेबद्दल मला दोघींनी विचारले आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, आणि लागेल तसे पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावी. तिच्या पणत्या, नावांच्या पट्ट्या, भातुकलीची भांडी छान होतात, पण पावसाळ्यात करू नयेत. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि वाळलेली वस्तू पुन्हा मऊ पडते. दसऱ्यानंतर केलेली टिकते. चव चाखून पाहणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवावे, इतके मीठ पोटात जाणे बरे नाही.

अलकापुरी, दोन मुलांची आई

घराबाहेरच्या एका कामाची भर घालते. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. मुले तो पाहतात, 'केवढा!' म्हणतात आणि पुढे जातात. आम्ही मुलांना तो पावलांनी मोजायला लावला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेजारून चालायचे आणि पावले लक्षात ठेवायची. घरी आल्यावर गच्चीवर तितकीच पावले चालून खडूने रेघ मारायची. आमच्या गच्चीवर तो मासा मावला नाही, शेपटी कठड्याबाहेर गेली. मग धाकट्याने स्वतःची लांबी त्या रेघेवर आडवे झोपून मोजली, आणि मोठ्या मुलाने प्रत्येक वेळी त्याच्या डोक्याशी खूण केली. मोजमाप म्हणजे एक लांबी दुसऱ्या लांबीने पुन्हा पुन्हा भरणे, हे इतक्या स्पष्टपणे मला स्वतःला कुठल्याही वर्गात कळले नव्हते.

एक प्रश्नही आहे. धाकटा डावखुरा आहे. कात्रीने रेघेवर कापायला गेला की कागद दुमडतो आणि तो चिडतो. त्याला उजव्या हाताने कापायला लावावे का?

दांडिया बाजार, निवृत्त बालवाडी शिक्षिका

मुळीच लावू नये. दोष हाताचा नाही, कात्रीचा आहे. आपल्या नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांना चिकटतील अशी बसवलेली असतात. तीच डाव्या हातात धरली की पकड पाती एकमेकांपासून दूर ढकलते, त्यामुळे कागद कापला न जाता मध्ये दुमडतो. शिवाय वरचे पाते रेघेवर येऊन ती झाकते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, तिची पाती उलट बसवलेली असतात. ती आणावी, आणि घेताना गोल टोकाची पाहावी.

तोपर्यंत त्याला कागद फाडण्याचे काम द्यावे. घडीवर नखाने दाब देऊन सरळ फाडणे हे कापण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, आणि पतंगाच्या कागदावर ते फार चांगले जमते. धूळपाटीशी बसताना त्याच्या डाव्या बाजूला जागा मोकळी ठेवावी, म्हणजे भावाच्या कोपराशी त्याचा कोपर आदळणार नाही. पुढे पेन्सिल हाती घेईल तेव्हा कागद किंचित उजवीकडे कलता ठेवावा, म्हणजे लिहिलेले त्याला दिसेल आणि मनगट उलटे वळवावे लागणार नाही.

अलकापुरी, दोन मुलांची आई

मनापासून आभार, ताई. कात्री याच आठवड्यात आणते, आणि उद्यापासून फाडण्याचे काम सुरू करते. पतंगप्रेमी, तुमच्याकडे दाबून ठेवलेला कागद शिल्लक असेल तर थोडा मिळेल का? वाडीत मी रविवारी येणार आहे.

पतंगप्रेमी, वाडी

भरपूर आहे. निळा आणि जांभळा जास्त, पिवळा थोडाच उरला आहे. मुलांना बरोबर आणा, त्यांनी स्वतः निवडलेला बरा.